कासव, ताशी एकशे चाळीस

१

कासवाला भरधाव गाडी चालवताना पकडलं, ही बातमी दवाखान्यात पोचली तेव्हा आधी सगळे पोट धरून हसले. मग कुणीतरी नोटीस मोठ्याने वाचली आणि सगळे गप्प झाले.

कासव म्हणजे डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी पोचवणाऱ्या पांढऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर. वय अठ्ठावन्न, नाकासमोर चालणारा माणूस. हे नाव त्याला पेशंटनीच दिलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं. महामार्गावर सिमेंटचे ट्रकसुद्धा त्याला हॉर्न देऊन पुढे जात. एकवीस वर्षांत त्याच्या गाडीत कुणाच्या कपातला चहा हिंदकळला नव्हता.

नोटिशीत लिहिलं होतं: मंगळवार, पहिल्या कॅमेऱ्याची कमान तीन वाजून चार मिनिटांनी ओलांडली, दुसरी तीन बावीसला. दोन कमानींमधलं अंतर बेचाळीस किलोमीटर, लागलेली वेळ अठरा मिनिटं. सरासरी वेग ताशी एकशे चाळीस, मर्यादा शंभर. प्रवासी वाहनाने चाळीसने मर्यादा ओलांडली की परवाना कायमचा रद्द होतो. परवाना गेला की कासवाची नोकरी जाणार, आणि व्हॅन चालवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्याने अपील केलं, तेही एका ओळीत: ‘मी वेगात नव्हतो.’ ‘कारण’ या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

ती फाइल अपील कचेरीतल्या बाईंच्या टेबलावर आली. बाईंची खोली चौथ्या मजल्यावर होती, खिडकीला दुहेरी काच. काचेपलीकडे महामार्ग दिवसभर आवाज न करता वाहत असायचा, आणि दुपारच्या उन्हात त्याच्याकडे बघता बघता बाईंना कधी कधी आपण पाण्याखाली बसलो आहोत असं वाटायचं. एकोणीस वर्षांत ‘मी वेगात नव्हतो’ हे वाक्य त्यांनी हजारदा तरी वाचलं होतं. त्यातलं एकही खरं निघालं नव्हतं.

ही फाइलसुद्धा त्या पाच मिनिटांत मिटवणार होत्या. शिक्का उचलण्याआधी सवयीने त्यांनी दोन्ही कमानींवरचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. तीच नंबर प्लेट, तोच दवाखान्याचा स्टिकर, बंपरवरचा तोच पोचा. दुसरी गाडी असण्याचा प्रश्नच नव्हता.

पण पहिल्या फोटोत व्हॅनचे दोन्ही आरसे बाहेर होते. दुसऱ्या फोटोत ड्रायव्हरच्या पलीकडचा आरसा आत मिटलेला होता.

२

कासव खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी मांडीवर ठेवून.

“एवढं तरी सांगा,” बाई म्हणाल्या, “त्या दिवशी घाई होती का? कुणाची तब्येत बिघडली होती का? तसं असेल तर नियमात सवलत आहे.”

“नाही. सगळे ठीक होते.”

“मग अठरा मिनिटांत बेचाळीस किलोमीटर कसे झाले?”

“ते मला विचारू नका, मॅडम. मी वेगात नव्हतो.”

“मर्यादा शंभरची आहे, माहीत आहे ना?”

कासव पहिल्यांदाच जरा हसला. “ती रस्त्याची. माझ्यामागे जे बसतात त्यांच्या हातातून नुकत्याच सुया काढलेल्या असतात. जरा हिसका बसला तरी पट्टीखालून रक्त येतं. त्यांची मर्यादा सत्तर. मी तीच पाळतो.”

बाईंनी दुसरा फोटो पुढे सरकवला. “हा आरसा कुणी मिटला?”

कासवाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने फोटोकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा आपल्या टोपीकडे. त्यानंतर तो मूग गिळून बसला तो बसलाच. थाप मारणारी माणसं बाईंनी ढिगाने बघितली होती. बायको बाळंत होती म्हणणारे, ब्रेक निकामी झाला म्हणणारे, एकजण तर वारा मागून होता म्हणाला होता. पण समोर वाचायची वाट असून न घेणारा माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

दाराशी जाऊन तो थांबला. “मॅडम, परवाना जाणार असेल तर जाऊ दे. पेशंटना मात्र बोलावू नका.”

बाईंनी त्याच दुपारी पेशंटना बोलावणं धाडलं.

३

पेशंट येण्याआधी बाई कॅमेरेवाल्याला भेटल्या. कमानींवरची सगळी यंत्रणा तो सांभाळायचा. तरुण, हुशार आणि आपल्या कॅमेऱ्यांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करणारा.

“घड्याळ चुकलं असेल?” बाईंनी विचारलं.

“त्या तासात दोन हजार गाड्या गेल्या. घड्याळ चुकलं असतं तर दोन हजार लोक तुमच्या दारात उभे असते.”

“मध्येच कुठे बाहेर पडायला वाट आहे?”

“एकही नाही, म्हणून तर तिथे सरासरी मोजतो. एका जागी कॅमेरा लावला की लोक त्याच्यापुढे साळसूद होतात आणि पुढे गेले की पुन्हा सुसाट. दोन कमानींच्या मध्ये मात्र पळून जाणार कुठे?” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांगू? शंभरची मर्यादा मलाच पटत नाही. तो रस्ता एकशे तीससाठी बांधलाय. दुपारी तीनला तर तिथे चिटपाखरू नसतं. पण मर्यादा ठरवताना लोक सगळ्यात वाईट ड्रायव्हर डोळ्यांपुढे आणतात आणि सगळ्यात चांगल्याला त्याच्या मागे उभं करतात.”

“आणि हा? चांगला की वाईट?”

“व्हॅन आम्ही तपासलीय, बाई.” त्याने मान खाजवली. “मी स्वतः चालवून बघितली. पंच्याण्णवच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, एकशे दहाला इंजिन हातच टेकतं. ती गाडी एकशे चाळीसने जाऊच शकत नाही.”

“मग तुमच्या कॅमेऱ्याने काय बघितलं?”



४

त्या मंगळवारी व्हॅनमध्ये तीन पेशंट होते. मागे शिवणकाम करणाऱ्या काकू आणि घड्याळं दुरुस्त करणारे काका. पुढे ड्रायव्हरशेजारी एक आजोबा. आजोबा त्यानंतर नवव्या दिवशी गेले होते. दुसऱ्या फोटोत ते दिसत होते, पण चेहरा नाही. त्यांनी मान पूर्ण वळवली होती आणि ते मागच्या रस्त्याकडे बघत होते.

काकू खोलीत आल्या त्या थेट खिडकीशी गेल्या. “किती शांत आहे हो तुमच्याकडे. इथे मला लगेच झोप लागेल.”

“त्या दिवशी झोपला होतात?”

“मशीनवरून उठल्यावर अंगात जीव कुठे असतो? मी झोपलेच होते. स्वप्न मात्र पडलं. सांगू? एका बाजूला काठोकाठ पाणी, अगदी खिडकीच्या खाली. आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. जमीनच नाही. वरून खाली बघितलं तर झाडांचे शेंडे.” “आणि आम्ही त्या दोन्हींच्या मधून चाललो होतो, अलगद. मला वाटलं, मेले की काय मी. पण भीती नाही वाटली.”

घड्याळवाले काका आले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी बाईंचं भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे हे बसायच्या आधीच सांगितलं.

“मग त्या दिवशी किती वाजता काय झालं, तेही तुम्हाला माहीत असेल.”

“त्या दिवशी मी घड्याळाकडे बघितलं नाही.”

“तुम्ही?”

“झोप लागली होती. स्वप्न पडलं.” काका छताकडे बघत म्हणाले. “हायवेवर चाकांचा एक आवाज सारखा कानात असतो ना, घोंघावणारा? तो थांबला. नुसता पाण्याचा वास आणि ओल्या दगडाचा. कितीतरी वेळ.”

“काकूंनाही पाण्याचंच स्वप्न पडलं.”

“असं होय? योगायोग असेल.” काका गडबडीने उठले.

काचेपलीकडे गाड्या वाहत होत्या. दोन माणसांना एकाच गाडीत, एकाच वेळी, एकच स्वप्न पडत नाही. आणि स्वप्न सांगायला शपथ लागत नाही. दोघं खोटं बोलत नव्हते आणि खरंही सांगत नव्हते. सगळी अळीमिळी गुपचिळी चालली होती.

प्रश्न एवढाच होता की त्या स्वप्नाचा पत्ता काय.

५

रविवारी सकाळी बाईंची थोरली बहीण ओट्याशी कांदा चिरत होती. दोघी एकत्र राहायच्या. ताईला मागच्याच महिन्यात एकशे अठराने जाताना पकडलं होतं आणि तो राग अजून ताजा होता.

“रिकामा रस्ता, स्वच्छ ऊन, आणि म्हणे शंभर,” ताई म्हणाली. “चालत गेले असते तर लवकर पोचले असते.”

“नियम आहे, ताई.”

“नियम आहे म्हणून काय डोकं गहाण टाकायचं? त्या पाटीला काय ठाऊक पाऊस आहे की ऊन, गाडीत आजारी माणूस आहे की माझ्यासारखी धडधाकट बाई?”

“पाटीला ठाऊक नाही म्हणूनच ती सगळ्यांना सारखी. तुला वाटतं तू चांगली चालवतेस, आणि प्रत्येकालाच तसं वाटतं.”

“तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.” ताईने सुरी खाली ठेवली. “बरं, त्या कासवाचं काय झालं?”

बाईंनी सगळं सांगितलं. पाणी, झाडांचे शेंडे, आरसा.

“इथे कुठेतरी पाणी मुरतंय,” ताई म्हणाली आणि डोळे पुसत कांद्याकडे वळली. “एका बाजूला काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. अगं, हे स्वप्न कसलं? ही धरणाची भिंत आहे. लहानपणी बाबा आपल्याला त्या रस्त्याने न्यायचे. टोकाला दोन दगडी खांब होते, आठवतात का? गाडी जेमतेम जायची. आरसे मिटायला आईला हात बाहेर काढावा लागायचा.”

बाईंनी नकाशा टेबलावर पसरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. महामार्ग जलाशयाला लांबलचक वेढा घालून जात होता, बेचाळीस किलोमीटर. आणि जुना रस्ता धरणाच्या भिंतीवरून सरळ पलीकडे जाऊन दुसऱ्या कमानीच्या अलीकडे पुन्हा महामार्गाला मिळत होता. बाईंनी पट्टीने मोजलं. चौदा किलोमीटर.

अठरा मिनिटांत चौदा किलोमीटर म्हणजे ताशी सत्तेचाळीससुद्धा नाही.

त्यांनी कॅमेरेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “बाई, तो रस्ता सात वर्षांपासून बंद आहे. दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं आहेत. कुलूपबंद.”

६

सोमवारी दुपारी दोघं पहिल्या फाटकापाशी उभे होते. महामार्ग पाठीमागे राहिला होता, त्याची घरघर झाडांत विरत होती. फाटकापलीकडे जुना रस्ता गवतातून जात होता आणि टोकाला धुक्यासारखं काहीतरी चमकत होतं. ते पाणी होतं.

कुलूप जागेवर होतं, तळहाताएवढं मोठं, गंजून तांबडं झालेलं.

“बघा,” कॅमेरेवाला म्हणाला. “कुणी फोडलेलं नाही.”

बाईंनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. मग रुमाल काढून कुलपाच्या भोकाशी टेकवला. रुमालावर तेलाचा डाग उमटला.

“चोर कुलूप तोडतो,” त्या हळूच म्हणाल्या. “वाट चुकलेला माणूस फाटक बघून माघारी फिरतो. कुलूप उघडून, पुन्हा लावून, वर त्याला तेल कोण घालतं?”

कॅमेरेवाल्याने रुमालावरचा डाग बोटाने चोळून बघितला.

“ज्याची ती ड्युटी असते तो. इथल्या चाव्या शेवटी कुणाकडे होत्या, विचारा धरणाच्या कचेरीत.”

फोनवर बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता. धरणाचे दरवाजे उघडायला आणि बंद करायला तेहतीस वर्षं एकच माणूस होता. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला. सगळ्या चाव्या परत केल्याची त्याची सही आहे. कॅमेरेवाल्याने नाव विचारलं, ऐकलं, आणि फोन कानाला तसाच धरून बाईंकडे बघत राहिला.

ते नाव पेशंटच्या यादीत होतं, पुढच्या सीटवर.

७

सुनावणीला कासव आला, काकू आणि काका आले, कॅमेरेवाला आला. शेवटच्या खुर्चीवर एक आजी येऊन बसल्या, हातात कापडी पिशवी. त्या आजोबांच्या पत्नी. बाईंनीच त्यांना पत्र पाठवलं होतं. त्यांना बघून कासवाचा चेहरा पडला.

बाईंनी पाल्हाळ लावला नाही. गाडी एकशे चाळीसने जाऊ शकत नाही. आरसा मिटावा लागतो अशी जागा त्या वाटेवर एकच आहे. पुढच्या सीटवरच्या माणसाने तो मिटला आणि पुन्हा उघडायचा विसरला, कारण तो मागे बघत होता. दोन साक्षीदारांनी एकच ठिकाण बघितलं आणि त्याला स्वप्न म्हटलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. घड्याळवाले काका भिंतीवरच्या घड्याळाचा अभ्यास करू लागले.

“राहिला प्रश्न चावीचा,” बाई म्हणाल्या. “ती दाखवता आली नाही तर हा सगळा माझा तर्क. कॅमेऱ्याचा कागद खरा ठरेल.”

कासव ताडकन उभा राहिला. “चावी वगैरे काही नाही, मॅडम. मी वेगात होतो. लिहून घ्या, एकशे चाळीस.”

“खाली बसा हो,” मागून आवाज आला. आजी उठल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वीतभर लांबीची लोखंडी चावी काढली आणि टेबलावर ठेवली. “उशाखाली होती. गेले तेव्हा सापडली. ही कुठली ते मला विचारायला नको, तेहतीस वर्षं त्यांच्या कमरेला बघितलीय.”

“आजी, अहो,” कासवाचा आवाज चिरकला, “त्यांनी सगळ्या चाव्या दिल्याची सही केलीय. खोटी सही निघाली तर पाटबंधारे खातं घर काढून घेईल तुमचं. खात्याचंच आहे ना ते. म्हणून तर आम्ही सगळे...”

“मला विचारलंत?” आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “एकाने तरी विचारलंत? त्या घराच्या ओलीने माझे गुडघे गेले. मी पुढच्या महिन्यात लेकीकडे चाललेय, भांडीसुद्धा बांधून झालीत. आणि हे महाशय माझ्या घरासाठी स्वतःची रोजीरोटी सोडायला निघालेत. शहाणे आहात की कोण?”

सगळ्यांत आधी काकू हसल्या. मग कासवाला रडू आलं आणि ते त्याने टोपीत लपवलं.

बाईंनी निकाल लिहिला. वेगाचा आरोप रद्द, परवाना कायम. बंद रस्त्यावर गाडी नेल्याबद्दल एक लेखी समज. चावी धरणाच्या कचेरीत जमा करावी. शिक्का मारला, पेनाला टोपण लावलं आणि फाइल बाजूला ठेवली.

“आता हे कागदावर नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या समाधानासाठी विचारते. तुम्ही सत्तरच्या खालीच चालवता. भिंत सोडून बाकीच्या रस्त्याला बारा मिनिटं. दोन फाटकांची दोन मिनिटं. चार मिनिटं उरतात. भिंतीवर थांबला होतात?”

“थांबायला परवानगी नाही, मॅडम, तिथे पाटी आहे.” कासवाने डोळे पुसले. “आजोबा कितीतरी दिवस मागे लागले होते, एकदा त्या वाटेने ने म्हणून. मी नाही म्हणत होतो. त्या मंगळवारी त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. मग नेलं. भिंतीवर चढलो आणि ते म्हणाले, कासवा, जरा हळू घे. एकवीस वर्षांत मला सगळे दाब, दाब म्हणत आलेत. हळू घे म्हणणारा पहिला माणूस. मी पहिल्या गिअरमध्ये टाकली. माणूस चालेल तेवढ्याच वेगाने. चारशे मीटरची भिंत आहे.”

“आणखी काही बोलले का ते?” आजींनी विचारलं.

“आधी नाही. खिडकीतून बोट बाहेर काढून मोजत होते. एक, दोन, तीन. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, खालचे दरवाजे मोजतायत. चौदा होते. चौदावा झाला तेव्हा म्हणाले, सगळे नीट बंद आहेत, चल आता. तरी वळून वळून बघत होतेच.”

काचेपलीकडे गाड्या उन्हात वाहत होत्या.

“सात वर्षं,” आजी म्हणाल्या, “मध्यरात्री उठून बसायचे. म्हणायचे, नववा बघायचा राहिला, अकरावा बघायचा राहिला. मी म्हणायचे, झोपा हो, आता ते काम दुसरं कुणीतरी बघतं.” त्यांनी पिशवीची गाठ मारली. “शेवटचे नऊ दिवस मात्र गाढ झोपले. मला वाटलं, औषध लागू पडलं.”